पाटी काढून ठेवली आहे

रास लफानहून दोह्याला येणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये रोज संध्याकाळी एक माणूस जागेवरून उठायचा, डाव्या हाताने वरची दांडी धरायचा आणि खणखणीत आवाजात ओरडायचा, "मदिनत खलिफा! मदिनत खलिफा! उजवीकडे!" मग तोंडातल्या तोंडात तीन अंक मोजून खाली बसायचा. पुढचा थांबा आला की पुन्हा तेच. बिन ओमरान दोनदा, अल मन्सूरा दोनदा आणि शेवटी, बसमध्ये दोन-तीनच टाळकी उरलेली असताना, नजमा दोनदा. बसला दार एकच, तेही कायमचं उजव्या अंगाला. तरी "उजवीकडे" हा शब्द त्याने कधी गाळला नाही.

हे निकमकाका. भास्कर निकम, मूळ लासलगावचे, प्लँटवर इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, कतारात सव्वीस वर्षं. उंची बेताची, मिशी करडी, शर्टाच्या खिशात कायम एक टेस्टर आणि एक कंगवा. मी नाशिकची, दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून आलेली. पहाटे साडेचारला उठायचं, दिवसभर कोणाचं काम किती दिवस मागे पडलंय याचे तक्ते करायचे आणि परतीच्या सव्वा तासात मेल्यासारखं झोपायचं, हा माझा दिनक्रम. बसचे पडदे उन्हाळ्यात उन्हासाठी आणि हिवाळ्यात सवयीने ओढलेले असत. त्या झोपेत हा माणूस कानाशी ओरडला की माझं डोकं फिरायचं.

पाचव्या की सहाव्या दिवशी मी हेल्मेटवरचं नाव वाचून सरळ मराठीतच सुरुवात केली.

"काका, जरा हळू ओरडाल का? माणसं झोपलेली असतात."

"झोपलेली असतात म्हणूनच ओरडतो, म्याडम," ते म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, "बरं. हळू तर हळू."

त्या संध्याकाळी मला जाग आली ती माझं मन्सूरा मागे पडल्यावर, नजम्याला. बस रिकामी. ड्रायव्हर बशीरभाई आरशातून माझ्याकडे बघत होते आणि निकमकाका डबा काखेत मारून पायरीवर उभे होते. माझा तिळपापड झाला.

"मला उठवलं का नाहीत?"

"मन्सूरा म्हणलो ना. दोनदा म्हणलो. हळू म्हणलो. तुम्हीच सांगितलं होतं."

"अहो, पण मी समोर झोपलेली दिसत होते! हलवायचं की जरा!"

"पोर्टर प्याशिंजरला हात लावत नाही. नाव सांगायचं काम आपलं, उतरायचं काम ज्याचं त्याचं."

पोर्टर कोण आणि कुठला? काकांनी माझा अवतार पाहिला आणि म्हणाले, "चला, एक करक घेऊ, मग मन्सुऱ्यापर्यंत चालत सोडतो. वीस मिनिटांचा रस्ता आहे." कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियात कागदी कपातला गोड मिट्ट चहा पिताना त्यांनी मला त्या ओरडण्याची हकिकत सांगितली. मी आले होते भांडायला, आणि कप रिकामा होऊन अर्धा तास झाला तरी हलले नाही.

कंपनीत लागल्या-लागल्या काकांना सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला इंग्लंडात पाठवलं होतं. समुद्राकाठचं एक छोटं गाव, गावाबाहेर व्हॉल्व्ह बनवणारा कारखाना. राहायला डोरिस नावाच्या, सत्तरी ओलांडलेल्या एका विधवा बाईंच्या घरातली माडीवरची खोली. आठवडाभर कारखाना असायचा, रविवारी मात्र करायचं काय हा प्रश्न. डोरिसबाई रविवारी डोक्यावर जुनी टोपी चढवून स्टेशनात जात. गावची जुनी रेल्वे केव्हाच बंद पडली होती, पण गावकऱ्यांनी ती हौसेने सांभाळली होती. रविवारी वाफेचं इंजिन निघायचं, चार मैल जाऊन परत यायचं, आणि लांबून लांबून लोक पोरंबाळं घेऊन त्यात बसायला यायचे. दुसऱ्या रविवारी काका बाईंच्या मागून गेले. तिसऱ्या रविवारी त्यांच्या हातात पितळ घासायचं फडकं आलं.

"आमचे वडील रेल्वेत पॉइंट्समन. माझं बालपण क्वार्टरमध्ये गेलं," काका सांगायचे. "साहेबाच्या देशात जाऊन बघितलं, तर तिथंबी मला रेल्वेच सापडली. मग म्हणलं, आता करमंल."

दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाली तेव्हा डोरिसबाई सोळा वर्षांच्या होत्या. पुरुष आघाडीवर गेले, म्हणून स्टेशनात पोर्टर म्हणून ही पोर लागली. वाळूत काटेरी तारा पसरलेल्या, समुद्रात गेलेला लाकडी धक्का मधोमध तोडलेला, शत्रूची बोट त्याला लागू नये म्हणून. किनाऱ्यावर बंदुका लावायची सिमेंटची खोली, आणि तिला बाहेरून आइस्क्रीमच्या टपरीसारखा रंग. दिवे बंद, गाडीच्या खिडक्यांचे पडदे खाली, डब्यात एक निळसर मिणमिणता दिवा. फलाटाची कड तेवढी चुन्याने पांढरी, माणूस खाली पडू नये म्हणून. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे स्टेशनांच्या पाट्या काढून टाकलेल्या. आभाळातून शत्रू उतरलाच, तर आपण कुठे आहोत ते त्याला कळता कामा नये.

"पण मग गाडीतल्या माणसाला कसं कळायचं, आपलं गाव आलं ते?" काकांनी मला विचारलं, आणि उत्तरही स्वतःच दिलं. "पोर्टरनं वरडायचं. नाव दोनदा. फलाट कोणत्या अंगाला ते एकदा, नाहीतर अंधारात भलतं दार उघडून माणूस रुळावर. मग तीन मोजायचे. झोपेतून भानावर यायला माणसाला तेवढं लागतं."

सोळा वर्षांच्या पोरीला ओरडायची लाज वाटायची. गाड्या सैनिकांनी भरलेल्या. ती ओरडली की कोणीतरी तिच्या आवाजाची नक्कल करायचं, मग सगळा डबा हसायचा. एका संध्याकाळी असंच हसले, आणि तिने गावाचं नाव एकदाच घेतलं, तेही हळू. शेवटच्या डब्यात तिचा थोरला भाऊ झोपला होता. दोन दिवसांची रजा मिळून घरी येत होता, न कळवता. तो पार शेवटच्या स्टेशनापर्यंत गेला. परतीच्या गाड्या त्या दिवशी सैन्यासाठी अडकवलेल्या. घरी पोचला तेव्हा आईबरोबर बसायला त्याला दीड तास मिळाला. त्यानंतर तो कधीच आला नाही.

"म्हातारी मला म्हणली, भास्कर, हसणाऱ्याला हसू द्यावं. आपण झोपलेल्यासाठी ओरडतो."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढताना मी त्यांना म्हटलं, "काका, मोठ्याने ओरडा." ते नुसते हसले. बस मन्सुऱ्याला आली तेव्हा इतक्या जोरात ओरडले, की पुढच्या सीटवरच्या मल्याळी फोरमनच्या हातातला फोन पडला.

त्यानंतर मी म्याडमची "पोरी" झाले. शुक्रवारी मी कधी कधी त्यांच्याकडे जायची. नजम्यातली जुनी बिल्डिंग, एका खोलीत तिघे. काकांच्या खाटेखाली प्लायवूडचा एक मोठा तुकडा होता, तो ते ट्रेसारखा बाहेर ओढायचे. त्यावर ते अख्खं गाव. स्टेशन, पांढऱ्या कडेचा फलाट, मधोमध तुटलेला धक्का, आइस्क्रीमच्या टपरीच्या वेषातली ती सिमेंटची खोली. सगळं प्लँटवरच्या टाकाऊ सामानातून केलेलं. रूळ तांब्याच्या तारेचे, दिव्याचे खांब टूथपिकचे. फलाटावर टोपी घातलेली करंगळीच्या पेराएवढी एक मुलगी, तोंडाशी हात धरून उभी. आणि तिच्यामागे दोन खांब, त्यांच्यामध्ये काही नाही.

"गावाचं नाव काय काका?"

"पाटी काढून ठेवली आहे," काका म्हणाले.

हे वाक्य ते अगदी पुस्तकी मराठीत, ऐटीत म्हणायचे आणि मग मिशीतल्या मिशीत हसायचे. कोणीही विचारो, उत्तर हेच. डोरिसबाईंनी बजावलं होतं म्हणे, की परक्याने विचारलं तर स्टेशनचं नाव सांगायचं नाही. लढाई संपून पन्नास वर्षं झाली होती तेव्हा! मी खूप मागे लागले. मी शत्रू आहे का, इथपर्यंत विचारून झालं. शेवटी ते म्हणाले, "दोहा सोडीन त्या दिवशी सांगीन. तुलाच सांगीन. आता म्हातारीबी नाही राहिली. नाव माझ्याचपाशी आहे."

त्या खोलीत बायकोचा एक फोटो होता. तिच्याबद्दल ते फार बोलत नसत. एकदाच बोलले. पाच वर्षांपूर्वी ती आजारी पडली, तेव्हा प्लँट शटडाऊनला होता, म्हणजे वर्षाकाठची मोठी दुरुस्ती चालू होती. मुलीने, सुजाताने, फोन केला की अण्णा, या. काका म्हणाले, आठ दिवसांत शटडाऊन संपतंय, संपलं की निघतो. बायको सहाव्या दिवशी गेली. कंपनीने अडवलं नव्हतं, सुपरवायझर जा म्हणत होता. आपल्यावाचून काम अडेल असं यांनाच वाटलं. परदेशात इतकी वर्षं काढलेल्या माणसांची ही खास चूक. घर थांबतं आणि प्लँट थांबत नाही, असं त्यांना वाटायला लागतं. तेव्हापासून सुजाता सणावारी फोन करायची, तब्येत विचारायची आणि ठेवून द्यायची.

"लोकाला उतरवायचं काम सोपं आहे, पोरी," काका म्हणाले. "आपलं गाव आलं की आपल्याला कोण उठवंल, ते बघायचं." मी काहीतरी थट्टेवारी नेलं. आता वाटतं, न्यायला नको होतं.

मागच्या हिवाळ्यात काकांनी बिन ओमरानला "मन्सूरा" म्हणून हाक दिली. दोन माणसं उतरली आणि शिव्या देत परत चढली. सगळे हसले, मीही हसले. आठवड्याने पुन्हा तेच झालं. मग एका संध्याकाळी दाट धुकं होतं, बस रांगत होती. काका उठले, दांडी धरली आणि ओरडले, "निफाड! निफाड! डावीकडे!"

बसमध्ये खसखस पिकली. कोणीतरी म्हणालं, चाचा आज अरबी बोल रहे हैं. निफाड म्हणजे काय ते त्या बसमध्ये फक्त मला ठाऊक होतं. लासलगावच्या अलीकडे, दोन स्टेशनं आधी. काका तीन मोजून खाली बसले, शांतपणे. थोड्या वेळाने पुन्हा उठले. "उगाव! उगाव! डावीकडे!" त्यापुढचं स्टेशन त्यांचं होतं, आणि मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले, हात धरला आणि म्हटलं, "काका, बसा. अजून आलं नाही." ते बसले. मला म्हणाले, "आलं की सांग हं."

मी कोणाला काही बोलले नाही. सांगितलं तर त्यांची नोकरी जाईल ही भीती होती. पण नोकरी जायची ती गेलीच. महिन्याभरात त्यांनी एका व्हॉल्व्हची खुणेची चिठ्ठी दुसऱ्याच व्हॉल्व्हला बांधली. वेळेत लक्षात आलं, कोणाला इजा झाली नाही. पण गॅसच्या प्लँटवर असली चूक म्हणजे खलास. डॉक्टरी तपासण्या झाल्या. रिटायर व्हायला तसेही सहा-सात महिनेच उरले होते. साहेबांनी चांगल्या शब्दांत समजूत घातली आणि तिकिटाची तारीख विचारली. प्रश्न एवढाच होता, की हा माणूस एकटा जाणार कसा? मुंबईला विमानतळावरून बाहेर पडून लासलगावची गाडी धरायची, आणि गाडीत हा झोपला तर?

मी सुजाताला फोन केला. तिचं लासलगावात मेडिकलचं दुकान आहे. मागे गिऱ्हाइकांचा आवाज येत होता.

"आईच्या वेळेला त्यांना येता आलं नाही," ती म्हणाली. "आता मी दुकान टाकून तिकडे येऊ?"

तिचं चूक नव्हतं. मी तिला समजवायला गेले नाही. नुसतं बसमधलं सांगितलं, रोजची हाक, दोनदा, आणि मग त्या धुक्यातलं निफाड आणि उगाव.

"अण्णा ओरडतात?" तिने विचारलं. "आमच्या घरात त्यांचा आवाज कधी वर गेलेला मला आठवत नाही. दोन वर्षांतून एकदा यायचे, पाहुण्यासारखे बसायचे." मग हळूच म्हणाली, "उगावच्या पुढचं म्हणाले का?"

"नाही. मी त्यांना बसवलं."

ती चौथ्या दिवशी आली. वडिलांनी सव्वीस वर्षं काढलेलं गाव ती पहिल्यांदा बघत होती. नजम्याच्या खोलीत काकांनी तिला खाटेखालचा प्लायवूड ओढून दाखवला, सगळं नीट समजावून सांगितलं, धक्का का तोडला, कड पांढरी का. सिमेंटची खोली दाखवताना हसलेसुद्धा. सुजाता जमिनीवर मांडी घालून ऐकत होती. फलाटावरच्या त्या मुलीला तिने बोटाने अलगद शिवून पाहिलं. "ही कोण?" तिने विचारलं. काका म्हणाले, "ही आपल्याला उठवती."

प्लायवूड विमानात नेता येणार नव्हता. तो माझ्याकडे आला.

विमानतळावर निरोप द्यायला मी आणि बशीरभाई गेलो. सुजाता सामानाच्या रांगेत होती. काका नवा शर्ट घालून खुर्चीवर बसले होते, खिशात टेस्टर नव्हता, कंगवा होता. मी त्यांच्याजवळ बसले. मला खरंच नाव हवं होतं. आणि त्यांनी वचन दिलं होतं.

"काका, आज दोहा सोडताय. आता तरी सांगा, त्या गावाचं नाव काय?"

ते माझ्याकडे बघत राहिले. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले, पुन्हा मिटले. नजर समोरच्या मोठ्या बोर्डावर गेली, जिथे जगातल्या सगळ्या गावांची नावं भराभर बदलत होती. बराच वेळ ते तिथे शोधत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "पाटी काढून ठेवली आहे."

या खेपेला ते हसले नाहीत. माझ्या ओळखीत ते नाव एकाच माणसापाशी होतं, आणि आता त्याच्यापाशीही नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "असू दे काका," आणि त्यांचा हात धरून बसले. सुजाता आली तेव्हा तिला एवढंच सांगितलं, की गाडीत झोपले तर हलवू नकोस, नाव घे. दोनदा. बाजू सांग. मग तीन मोज.

रविवारी कामाचा आठवडा सुरू झाला. परतीच्या बसमध्ये सगळे झोपले. मदिनत खलिफाला कोणी ओरडलं नाही. बशीरभाईंनी एकदा आरशातून मागे पाहिलं आणि दार उघडलं, दार लावलं. माझ्या तोंडाशी शब्द आले होते. पण सगळी बस पुरुषांची, मी एकटी बाई. उद्या सगळे नक्कल करतील, असं वाटलं आणि मी गप्प बसले. सोमवारीही गप्पच बसले.

मंगळवारी बसमध्ये सुजाताचा व्हॉइस मेसेज आला, लासलगावच्या गाडीत रेकॉर्ड केलेला. मी इयरफोन लावले. आधी नुसता रेल्वेचा खडखडाट, मग ब्रेकची किरकिर. मग सुजाताचा आवाज, सुरुवातीला लाजल्यासारखा, दुसऱ्यांदा मोठा: "लासलगाव! लासलगाव! डावीकडे!" मागे कोणीतरी हसलं. मग शांतता, तीन मोजण्याएवढी. आणि मग काकांचा झोपेतला आवाज, "आलं व्हय?"

"आलं, अण्णा."

"तू वरडली?"

"हो. मीच."

"चल मग," काका म्हणाले, "उतरू."

मी तो मेसेज पुन्हा ऐकला. परत ऐकला. किती वेळा ऐकला माहीत नाही. डोळे पुसून पडदा सरकवला तेव्हा बाहेर नजमा होतं. मन्सूरा केव्हा मागे पडलं ते मला कळलंच नाही. कोणी सांगितलंच नव्हतं. बस रिकामी होती आणि बशीरभाई आरशातून माझ्याकडे बघत होते, पहिल्या वेळेसारखेच.

मी उठले, डबा काखेत मारला आणि पायरीवर थांबले.

"बशीरभाई, कल से मैं बोलूँगी."

"बोलो बेटी, इन्शाल्ला," ते म्हणाले. मी उतरले तरी त्यांनी दार लावलं नाही. आतून वाकून म्हणाले, "मगर ज़ोर से बोलना."